आधी मैदान उघडे करा, मग स्टेडियम बांधा

वाटूर फाट्यावर जालना-मंठा रस्त्याची वाहने थांबतात, टपऱ्यांवर चहा उकळत असतो. रस्ता सोडून थोडे आत गेले की सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या वावरात संध्याकाळी पोरे फुटबॉल खेळताना दिसतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन दगड ठेवले की गोलपोस्ट तयार. बहुतेकांच्या पायात बूट नाहीत, धसकट पायात घुसते. तरी खेळ थांबत नाही. तो थांबतो मालक रब्बीसाठी नांगर घालतो तेव्हा. मग पुढच्या वावराचा शोध सुरू होतो.

बौद्ध, मातंग, धनगर, मुस्लिम, मराठा अशी सगळीच पोरे तेथे असतात. मागच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी ‘जय भीम, वकीलसाहेब’ म्हणून गराडा घातला आणि दोन प्रश्न विचारले. पहिला, फुटबॉल चांगला खेळले तर कॉलेज आपल्याला घेते का? दुसरा, आपल्या वाटूरला स्टेडियम होईल का? एकाला भरतीची आशा होती, दुसऱ्याला सिमेंटच्या पायऱ्यांची. मला मात्र हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. मैदानाच्या दाराची किल्ली कोणाच्या हातात आहे, हाच तो प्रश्न होय.

हा प्रश्न आजचा नाही. पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर मैदान झाडणारा, खेळपट्टीची निगा राखणारा चर्मकार समाजातील एक तरुण साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता तरबेज झाला. त्याचे नाव पालवणकर बाळू. हिंदूंच्या संघाला जिंकायचे होते म्हणून त्याला संघात घ्यावे लागले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सगळ्यांना चालत होता. चहा मात्र त्याला तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जात होता. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघातून त्याने ११४ बळी घेतले. एवढा मोठा गोलंदाज, पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याच्याकडे आले, तेही पालवणकर बंधूंनी केलेल्या निषेधानंतर. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले. राजकारणातील त्यांचा मार्ग आपला नव्हता. परंतु मैदानावर त्यांनी भोगलेला अन्याय आपलाच होता. घाम गाळायला आमचा माणूस हवा आणि नेतृत्व करायला नको, ही येथील व्यवस्थेची जुनी खोड आहे.

ज्या १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले त्याच वर्षी, ४ ऑगस्टला, मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या, पण कागदावर. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्रत्यक्ष ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ ची वाट पाहावी लागली. कागदावरचा हक्क आणि जमिनीवरचा हक्क यांत किती अंतर असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता पोरांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. कॉलेज खेळाडूला घेते का? घेते. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नाव व्हावे म्हणून अनेक महाविद्यालये चांगले खेळाडू शोधतात. कोणी फी माफ करते, कोणी वसतिगृहात जागा देते. त्या स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या माणसांनी रक्त सांडले, घरे जळताना पाहिली, ते १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठच जालना जिल्ह्याचेही विद्यापीठ आहे. त्या नावाची जर्सी वाटूरच्या पोराच्या अंगावर चढावी, असे कोणाला वाटणार नाही?

पण चढते कोणाच्या अंगावर? येथे मी माझे सांगतो. शिकत असताना मी कॉलेजच्या संघात बचावफळीत खेळायचो. बूट मोठे व्हायचे म्हणून पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबायचो. आमच्या वस्तीतली तिघे-चौघे संघात होती. सगळी मागे, एक गोलमध्ये. आघाडीला आणि कर्णधार म्हणून संस्थाचालकांच्या गोतावळ्यातली मुले. बचाव करणे मला कमीपणाचे वाटले नाही, आजही वाटत नाही. मागे उभा राहणाराच सगळे मैदान पाहत असतो. तक्रार जागेची नव्हती. ती जागा पाय पाहून ठरते की आडनाव पाहून, याची होती.

आमचा गोलरक्षक माझा जिवलग मित्र होता. आई-वडील दरवर्षी दिवाळीनंतर उसाच्या टोळीत जायचे, हा आजीजवळ राहून शिकायचा. त्या वर्षी तो सगळे सामने खेळला. शेवटच्या सामन्यात त्याने अडवलेला चेंडू अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. महिन्याभराने प्रमाणपत्रे आली. त्याच्या जागी ज्याचे नाव होते, त्याने एकदाही मैदानात पाय ठेवला नव्हता. खेळले ते अकरा वेगळे, कागदावरचे अकरा वेगळे! आम्ही विचारायला गेलो तर ‘तुला कागद काय चाटायचाय?’ असे उत्तर मिळाले. आम्हाला तेव्हा कायदा कळत नव्हता. पुढे एका भरतीच्या जाहिरातीत खेळाडूंची जागा निघाली, त्याच्याजवळ दाखवायला काही नव्हते. आज तो जालन्यात हमाली करतो. मी वकील झालो, तरी त्या कागदाचे कर्ज माझ्या डोक्यावरून उतरलेले नाही.

तो कागद चाटायचा नसतो, त्यावर घर उभे राहते. महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण ठेवले. १ जुलै २०१६ च्या निर्णयाने त्याचे नियम सुधारले आणि प्रमाणपत्राची आधी क्रीडा खात्याकडून पडताळणी आवश्यक केली. कोणती स्पर्धा, कोणत्या संघटनेची, कितवे स्थान, यावर सगळे अवलंबून असते. म्हणूनच बनावट क्रीडा प्रमाणपत्रांचा धंदा मराठवाड्यात फोफावला आणि चौकशीत उघडा पडला. ज्याने घाम गाळला तो बाहेर आणि ज्याने पैसे मोजले तो साहेब, असे हे गणित आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या तरुणांनी पाठ करून ठेवावी. समांतर आरक्षणातील खुल्या प्रवर्गाची जागा ही उच्चवर्णीयांसाठी राखीव नाही. ती गुणवत्तेवर सर्वांसाठी खुली आहे. उत्तर प्रदेशातील पोलीस भरतीवरून गेलेल्या सौरव यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी हे स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. वयाची वा अन्य सवलत घेतली असेल तर त्या भरतीचे नियम तपासावे लागतात. परंतु ‘तू मागासवर्गीय, तुझ्या कोट्यातच थांब’ असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला नाही.

आता दुसरा प्रश्न, स्टेडियमचा. तालुका क्रीडा संकुलासाठीची अनुदान मर्यादा २०२२ मध्ये १ कोटीवरून ५ कोटी झाली. पैसा आहे. पण त्यातून काय बांधले जाते? भव्य कमान, नामफलक, मान्यवरांसाठी छत असलेली बैठक, आणि भोवती भिंत. भिंतीला फाटक आणि फाटकाला कुलूप. आत गवत वाढते, लग्नाचे मांडव पडतात, सभा होतात. खेळणारी पोरे भिंतीबाहेरच्या वावरात! असे स्टेडियम वाटूरला झाले काय आणि न झाले काय.

फुटबॉलला लागते तरी किती? १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद जागा, म्हणजे पावणेदोन एकर. भोवतीची मोकळी जागा धरून सव्वादोन एकर. सपाट जमीन, मुरूम नव्हे तर माती, पाण्याची सोय, दोन गोलपोस्ट, मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली आणि शौचालय. एवढे झाले की मैदान झाले. पायऱ्या नंतर बांधता येतात. मुलींची खोली मात्र नंतर नको. ती नसली की बारावीनंतर आपल्या मुली केवळ प्रेक्षक उरतात. त्यांच्याकडे पाय आहेत, दम आहे, फक्त अंधार पडायच्या आत सुरक्षित खेळायला जागा नाही.

जागा कोठून आणायची, हा खरा कळीचा मुद्दा आहे. सरकारी जागा म्हटली की प्रथम बोट जाते गायरानाकडे. बांधवांनो, येथे सावध राहा. मराठवाड्यातील गायरानावर आपल्या भूमिहीन माणसांनी दगड वेचून शेती उभी केली आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहांचा तो वारसा आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे, तरी कित्येकांचे सातबारे अजून कोरे आहेत. २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा हवाला देऊन अतिक्रमणे काढण्याची भाषा होते. मात्र त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासन अधिसूचनेनुसार दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद आहे, हे कोणी वाचून दाखवत नाही. उद्या ‘तुमच्याच पोरांसाठी मैदान करतो’ म्हणून आपल्याच गायरानधारकाला उठवले जाईल. पोराच्या खेळासाठी बापाची भाकरी काढून घेणारे स्टेडियम आम्हाला नको. शाळेची, बाजाराची, पडीक शासकीय जागा आधी मोजा.

कोणी म्हणेल, खेड्यातल्या पोरांना फुटबॉल कशाला, कबड्डी आहे की. १५ सप्टेंबर २०१७ रोजी शासनानेच ‘मिशन वन मिलियन’ म्हणून राज्यभरच्या पोरांना एकाच दिवशी फुटबॉल खेळायला लावले. त्याच वर्षी १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून कोल्हापूरच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, खेळला. तो आकाशातून पडला नाही. कोल्हापुरात तालमींनी जपलेली फुटबॉलची परंपरा होती आणि पुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहण्या-जेवणाची, शिकवण्याची सोय होती. नागपुरात प्रा. विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्यावर नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये ‘झुंड’ काढला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बारसे सरांनी प्रथम स्टेडियम बांधले नव्हते. प्रथम पोरांच्या हाती चेंडू दिला होता.

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. वाटूरला सव्वादोन एकरांचे उघडे मैदान द्या, त्याला कुलूप नको. आठवड्यातून निदान तीन दिवस प्रशिक्षक द्या. महाविद्यालयांनी संघाची निवड चाचणी तारीख जाहीर करून, सर्वांसमोर घ्यावी. कोण कोणत्या जागी खेळणार आणि कर्णधार कोण, हे खेळ पाहून ठरवावे. निवडयादी आणि प्रत्येक सामन्यात उतरलेल्यांची नावे फलकावर लावावीत. प्रमाणपत्र त्या नावांनाच मिळावे.

हे कोणी आपणहून देणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबरच राज्याच्या पैशातून चालणाऱ्या सार्वजनिक वापराच्या जागा लिहिल्या आहेत. सरकारी पैशाचे मैदान ही तशीच जागा आहे. १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मैदानाचा ठराव मांडा, तो इतिवृत्तात लिहिल्याशिवाय उठू नका. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयात माहितीच्या अधिकाराचा, कलम ६ खालचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागील तीन वर्षांच्या निवडयाद्या, सामन्यांची पत्रके आणि क्रीडा शुल्काचा हिशेब मागा. अर्ज लिहायला येत नसेल तर माझ्याकडे या, मी लिहून देतो. त्याचे पैसे घेणार नाही.

माझ्या मित्राला त्याचा कागद आता मिळणार नाही. पण त्याचा मुलगा यंदा अकरावीला आहे आणि तोही गोलमध्येच उभा राहतो. दगडांच्या दोन खुणांमध्ये, अनवाणी. त्याने अडवलेला चेंडू उद्या दुसऱ्या कोणाच्या नावावर लिहिला गेला, तर दोष व्यवस्थेचा असेलच, पण कायदा ठाऊक असून गप्प बसलेल्या आपल्यासारख्यांचाही असेल.

जय भीम!