जादा काडतुसं बंदुकीवरच हवीत

अमेरिकेत घराच्या रक्षणासाठी जी बंदूक वारंवार सुचवली जाते, ती बारा गेजची पंप शॉटगन. रेमिंग्टन ८७० ही १९५०-५१ च्या सुमाराची आणि मॉसबर्ग ५०० ही साठच्या दशकाच्या आरंभीची. या दोन बंदुकांनी तिथला बाजार व्यापला. अशा बंदुकीच्या डाव्या अंगाला, रिसीव्हरवर, चार ते सहा जादा काडतुसं धरून ठेवणारी पट्टी बसवता येते. तिला तिथे ‘साइड सॅडल’ म्हणतात. ती बसवावी की नाही, यावर बंदूक बाळगणाऱ्यांत जुना वाद आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो: बसवावी, पण एकच, आणि बंदूक कुलपात राहत असेल तरच.

पहिला आक्षेप असा की, जादा काडतुसांची गरजच काय? घरात शिरलेला चोर पहिल्या आवाजाला पळतो, बंदुकीत भरलेली चार-पाच काडतुसं पुरेशी आहेत. २०१३ साली तेव्हाचे उपाध्यक्ष जो बायडन यांनी तर दुनळी शॉटगन घ्या आणि बाहेर येऊन दोन बार काढा, असा जाहीर सल्ला दिला होता. तो सल्ला चुकीचा होता. लक्ष्य न पाहता काढलेल्या बाराचे छर्रे कुठेतरी लागतातच, आणि अनेक राज्यांत असा इशाऱ्याचा बार हाच गुन्हा ठरू शकतो. शिवाय दोन बारांनंतर दुनळी रिकामी होते.

बहुतेक प्रसंगांत चार-पाच काडतुसं पुरतील, हे मला मान्य आहे. पण बंदूक हातात घेताना ती भरलेली असेल, हे या आक्षेपात गृहीत धरलं आहे. पुष्कळ घरांत ती भरलेली नसते, आणि नसावीही. कुणी मॅगझीन भरून चेंबर रिकामं ठेवतं, कुणी सगळीच बंदूक रिकामी ठेवतं. काडतुसाचं कवच प्लास्टिकचं असल्याने वर्षानुवर्षं मॅगझीनच्या स्प्रिंगखाली दाबून ठेवलं तर त्याचा आकार बिघडू शकतो, म्हणून जाणकार मॅगझीन अर्धवट भरतात. अशा घरात पट्टीवरची काडतुसं पहिल्या भरणीची असतात. त्यांना ‘जादा’ म्हणणंच चुकीचं आहे.

दुसरा आक्षेप खिशाचा. काडतुसं खिशात किंवा कमरेच्या पट्ट्यात ठेवा, बंदुकीवर ओझं कशाला? कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारा शेतकरी रानडुकरांच्या राखणीला निघतो, तेव्हा त्याला हा सल्ला शोभतो, कारण तो कपडे करून, तयारीनिशी बाहेर पडतो. ह्यूस्टनच्या उपनगरात पहाटे तीनला काच फुटल्याच्या आवाजाने जागा झालेला माणूस झोपायच्या कपड्यांत असतो. त्याला खिसा नसतो, चष्मा सापडत नसतो, एका हाताने तो ९११ ला फोन लावत असतो. त्याच्यासोबत बंदूक येईल आणि तिला जे चिकटलेलं आहे तेवढंच येईल. ओझ्याचं म्हणाल तर एक काडतूस पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर भरतं. सहा काडतुसं म्हणजे सुमारे तीनशे ग्रॅम, तेही तीन किलोहून जड बंदुकीच्या मधोमध. नळीच्या टोकाला तेवढंच वजन लावलं तर हात थकतो, रिसीव्हरवर तेवढं जाणवत नाही.

तिसऱ्या आक्षेपात मात्र दम आहे. या पट्ट्या बंदूक अडवतात, असं तो सांगतो, आणि चुकीच्या बसवल्या तर खरोखरच अडवतात. रेमिंग्टन ८७० मध्ये चापाचा संच दोन आडव्या पिनांनी धरलेला असतो. धातूची पट्टी बसवताना त्या पिना काढून त्यांच्या जागी आरपार स्क्रू घालतात. स्क्रू जोर लावून आवळले की रिसीव्हरच्या दोन्ही भिंती किंचित आत दबतात, बोल्ट घासू लागतो आणि पंप जड होतो. शिकारीच्या मॉडेलांवर पंपाची पुढची मूठ लांब असते. ती मागे खेचली की रिसीव्हरवर सरकते आणि पट्टीला आपटते, म्हणून तिथे आखूड मूठ लावावी लागते. दस्त्यावर चढवायच्या इलॅस्टिकच्या पट्ट्या स्वस्त असतात. पण कालांतराने त्या सैल पडतात आणि बाराच्या धक्क्याने काडतूस गळून पडतं. हे सगळे दोष खरे आहेत. पण ते बसवणाऱ्याच्या हातचे किंवा हलक्या मालाचे आहेत, कल्पनेचे नाहीत. स्क्रू बेताने आवळून, ते सैल होऊ नयेत म्हणून थ्रेडलॉकरचा थेंब लावला की बंदूक मोकळी चालते. ज्याला स्क्रूची भानगडच नको, त्याने रिसीव्हरवर वेल्क्रो चिकटवून काडतुसांचं कार्ड लावावं. मी स्वतः वेल्क्रोच्या बाजूचा आहे. त्यात बंदुकीचा एकही भाग काढावा लागत नाही, आणि कार्ड सैल पडलं तर थोड्या पैशांत नवं आणता येतं.

पट्टी डाव्या बाजूला का, हेही सांगायला हवं. या बंदुका रिकामं कवच उजवीकडून फेकतात आणि खालून भरल्या जातात. उजवा हात चापाजवळच्या पकडीवर तसाच राहतो, डावा हात पट्टीवरचं काडतूस काढून खालच्या तोंडात सारतो. बंदुकीचा रोख हलत नाही. डावखुऱ्याला हे उलटं पडतं, त्याने वेगळी सोय पाहावी.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांकडे वळतो. त्यांना एका पट्टीने समाधान होत नाही. खांद्याच्या पट्ट्यावर पंधरा काडतुसं, दस्त्यावर आणखी सहा, मॅगझीनला वाढीव नळी. ही तयारी घरासाठी घातक आहे. पट्ट्यावरची काडतुसं हलतात, दारात अडकतात, नेम चुकवतात. आणि यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की, डबल-ऑट बकशॉटच्या एका काडतुसात साधारण आठ-नऊ छर्रे असतात, प्रत्येक छर्रा सुमारे साडेआठ मिलिमीटरचा. अमेरिकन घरांच्या आतल्या भिंती लाकडी खांबांवर ठोकलेल्या अर्ध्या इंचाच्या जिप्समच्या तक्त्यांच्या असतात. हे छर्रे अशा एकाहून अधिक भिंती सहज भेदतात, आणि पलीकडे मुलांची खोली असू शकते. काडतुसं जास्त आहेत म्हणून बार जास्त काढायचे, अशी समजूत मनात रुजली तर त्या घराचं रक्षण त्या माणसाकडून होणार नाही.

सर्वांत मोठा आक्षेप कुलपाचा आहे. बंदूक आणि दारूगोळा वेगळे ठेवा, हा तिथला जुना सुरक्षानियम. पट्टी लावली की ते दोन्ही कायमचे एकत्र येतात, आणि मुलाच्या हाती लागली तर बंदूक भरायच्या साहित्यासकट लागते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, त्यामुळे धोका फक्त लहान मुलांपुरताही नाही. यावर काही जण २००८ च्या हेलर निकालाचा हवाला देतात. घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने त्यात मान्य केला आणि बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप घालूनच ठेवण्याचा वॉशिंग्टन शहराचा नियम रद्द केला, हे खरं. पण अपघात टाळण्यासाठी केलेले साठवणुकीचे कायदे आपण बाद ठरवत नाही, असंही त्याच निकालात लिहिलं आहे. हक्काचा आधार घेऊन कपाटामागे उघडी बंदूक ठेवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

झटकन उघडणारी, भिंतीला पक्की केलेली कुलपाची पेटी बाजारात मिळते. ती घरात असेल तर पट्टी लावायला माझी पूर्ण संमती आहे. नसेल तर पट्टीचे पैसे त्या पेटीत घाला. आणि पट्टी लावल्यावर बंदूक रिकामी करून, खोट्या काडतुसांनी भरण्याचा आणि पंप ओढण्याचा सराव करा. पंप कुठेही अडखळला तर त्याच दिवशी स्क्रू सैल करा.