केईएम चालवायला देणे नाही

परळ, लालबाग, शिवडी, नायगाव, भोईवाडा आणि काळाचौकीतल्या बंधू-भगिनींनो,

गेल्या रविवारी रहिवाशांच्या बैठकीत जे ऐकावं लागलं, त्यावर गप्प बसवेना, म्हणून हे पत्रक. परळच्या केईएम रुग्णालयाला शंभर वर्षं झाली, त्यानिमित्त विभागाने काय करावं यावर चर्चा चालली होती. एक सुशिक्षित गृहस्थ उठले आणि म्हणाले, "एवढा डोलारा महापालिकेला झेपत नाही. एखाद्या मोठ्या कंपनीला तीस वर्षांसाठी चालवायला देऊन टाका, निदान संडास तरी स्वच्छ राहतील." त्यांचं एक वेळ सोडा, त्यांच्या घरात मेडिक्लेम आहे. पण मागच्या रांगांत बसलेल्या आपल्याच चाळींतल्या पाच-सहा जणांनी माना डोलावल्या! ज्यांच्या घरची बाळंतपणं तिथे झाली, ज्यांच्या गिरणी कामगार वडिलांच्या छातीचा एक्स-रे आयुष्यात पहिल्यांदा तिथेच निघाला, त्यांनी! याची लाज वाटायला हवी.

आधी हे रुग्णालय कुणी आणि कशासाठी उभं केलं ते आठवा. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी दिली, ती एका अटीवर: इथले प्राध्यापक सगळे भारतीय असतील, आणि सरकारी नोकरीतले नसतील. त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे. आपला डॉक्टर कितीही हुशार असो, तो मदतनीसच. ती मक्तेदारी मोडली ती परळमध्ये, गिरण्यांच्या भोंग्यांच्या आवाजात. डॉ. जीवराज मेहता पहिले अधिष्ठाता. रुग्णालयाला नाव राजा एडवर्डचं मिळालं, पण चालवलं आपल्या माणसांनी आणि आपल्या महापालिकेने. ज्यांना "झेपत नाही" असं वाटतं, त्यांनी विचार करावा की पारतंत्र्यात झेपलं ते आज का झेपू नये?

आणि नुसतं झेपलं नाही. १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयारोपण इथेच केलं. रुग्ण काही तासच जगला, पण दक्षिण आफ्रिकेत झालेल्या जगातल्या पहिल्या हृदयारोपणाला तेव्हा जेमतेम तीन महिने होत होते आणि जगात हे धाडस करणारे सर्जन बोटांवर मोजण्याइतके होते. ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी इथेच जन्माला आली. २०२० मध्ये कोविशील्डच्या चाचण्या इथे झाल्या. दरवर्षी अडीचशे मुलं-मुली इथे एमबीबीएसला येतात. उद्या तुमच्या गावच्या तालुक्याला जो सर्जन असेल, त्याचा हात याच वॉर्डांत बसलेला असण्याची शक्यता मोठी आहे. कंपनीला बेड भरायचे असतात. विद्यार्थ्याला शिकवण्यासाठी एकाच रुग्णापाशी अर्धा तास थांबणारा प्राध्यापक तिला परवडणार नाही.

इथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे असं आपण धरून चालतो, पण तिच्यातला महत्त्वाचा भाग विसरतो. नोव्हेंबर १९७३ मध्ये याच रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, इथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. निवृत्त होणाऱ्या सिस्टरने नव्या सिस्टरच्या हाती सोपवलं. अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईच्या अंगावर बेडसोअर होऊ दिले नाहीत. मधल्या काळात महापालिकेने त्यांना दुसरीकडे हलवून तो बेड मोकळा करायचा घाट घातला, तेव्हा याच परिचारिका संपावर गेल्या आणि प्रशासनाला माघार घ्यावी लागली. कुठल्या कॉर्पोरेट रुग्णालयाच्या हिशेबात एक बेड एकेचाळीस वर्षं बसतो ते आम्हाला दाखवा.

आता "पण तिथे किती हाल आहेत" हे आम्हाला कुणी सांगायला नको. आम्ही रोज केईएमसमोरच्याच फुटपाथवरून जातो. नोव्हेंबर २०१९ मध्ये इथे ईसीजी यंत्राजवळ आग लागली, त्यात एक तान्हं बाळ भाजलं, त्याचा हात काढावा लागला आणि काही दिवसांत ते गेलं. जुलै २०२४ मध्ये रुग्णांची नावं छापलेल्या कागदांच्या प्लेटा बाजारात निघाल्या. दोन्ही गोष्टींची चीड आम्हाला आहे आणि राहील. टाटा रुग्णालय आणि केईएमच्या मधल्या रस्त्यांवर रात्री साडेअकराला चक्कर मारा. प्लास्टिकच्या कागदावर, उशाला एक्स-रेचं पाकीट आणि फाइलची पिशवी घेऊन नातेवाईक झोपलेले असतात. जळगावचे, बीडचे, रत्नागिरीचे, गोरखपूरचे.

वर्षाला साधारण अठरा लाख लोक इथल्या ओपीडीत येतात. मुंबईतली दुसरी कुठली इमारत एवढं सोसते?

आपल्याच गल्लीतली हकिगत सांगतो. महापालिकेच्या एका रुग्णालयात (नाव लिहीत नाही, कारण दोष एका इमारतीचा नाही) शेजारच्या वहिनींचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी मुलाच्या हातात चिठ्ठी आली: टाक्यांचे धागे, अँटिबायोटिकची इंजेक्शनं, कॅथेटर, ड्रेसिंगचं सामान. मुलगा समोरच्या केमिस्टकडे गेला. केमिस्टने चिठ्ठी पूर्ण वाचलीसुद्धा नाही. त्याने फळीवरून रबर लावून ठेवलेला तयार गठ्ठा काढून दिला! रोज इतक्या चिठ्ठ्या येतात की गठ्ठे आधीच बांधून ठेवलेले असतात. दोन हजार सातशे रुपये झाले. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या त्या पोराने ते ओळखीच्या माणसाकडून उसने घेतले.

आणि हे कधी? "झिरो प्रिस्क्रिप्शन", म्हणजे बाहेरून औषध आणायला सांगणार नाही, ही घोषणा २०२४ च्या सुरुवातीपासून आपल्या कानावर असताना! जानेवारी २०२५ मध्ये तर औषध पुरवठादारांनी थकबाकीपायी महापालिका रुग्णालयांचा पुरवठा थांबवण्याचा इशारा दिला होता. औषध नाही, याचं कारण डॉक्टर नाही. बिल वेळेवर न चुकवणारं आणि निविदा वेळेवर न काढणारं कार्यालय हे कारण आहे. शिव्या मात्र खातो तो छत्तीस तास उभा असलेला रेसिडेंट डॉक्टर.

पैसा नाही म्हणू नका. २०२५-२६ चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. आरोग्याच्या वाट्याला त्यातला साधारण दहावा हिस्सा, आणि त्यात केईएम, सायन, नायर, कूपर ही चार शिकवणारी रुग्णालयं, उपनगरांतली सगळी रुग्णालयं, दवाखाने आणि प्रसूतिगृहं. कोस्टल रोडला पैसे कमी पडल्याचं कधी ऐकलं? मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं या शहरात नगरसेवकच नव्हते, विचारणार कोण? आता १५ जानेवारी २०२६ ला मतदान होऊन २२७ नगरसेवक आले आहेत. आता विचारायला माणसं आहेत, आणि ती आपण निवडून दिलेली आहेत.

ज्यांना खासगीकरणाचा मोह पडतो, त्यांनी अंधेरीला मरोळच्या सेव्हन हिल्स रुग्णालयाकडे पाहावं. जमीन महापालिकेची, इमारत आणि कारभार खासगी कंपनीचा, वीस टक्के खाटा महापालिकेच्या रुग्णांसाठी ठेवायचा करार. त्या खाटा मिळाव्यात म्हणून महापालिकेला भांडावं लागलं, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कोविड आला तेव्हा ती इमारत शेवटी महापालिकेनेच चालवली. एवढं समोर असताना गोवंडीचं शताब्दी, मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, बोरिवलीचं भगवती या महापालिका रुग्णालयांसाठी पुन्हा खासगी भागीदारीचा घोळ घातला गेला. आज ती आहेत. उद्या परळचा नंबर लागणार नाही, असं कुणी लिहून देणार आहे का?

"बाहेरगावचे लोक गर्दी करतात, त्यांच्याकडून जास्त पैसे घ्या," असंही काहीजण म्हणतात. ज्यांचे आजोबा कोकणातून आणि घाटावरून बोचकं घेऊन इथे उतरले, त्यांच्या तोंडी हे शोभत नाही. या मुद्द्यावर आम्ही वेळ घालवणार नाही.

आपल्या हातात काही नाही, असंही समजू नका. जानेवारी २०२० मध्ये वाडिया रुग्णालय अनुदानाअभावी बंद पडायला आलं होतं. लोक परळच्या रस्त्यावर उतरले आणि सरकारला पैसे सोडावे लागले. त्यात आपल्या विभागातल्या आयाबाया पुढे होत्या. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेवीस माणसं गेली, तेव्हा जखमींना केईएमलाच नेलं आणि रक्तासाठी हाक आल्यावर आपल्याच मंडळांची पोरं रांगेत उभी राहिली. हा विभाग असा आहे. तो मान डोलावणाऱ्यांचा नाही.

म्हणून पुढची कामं ताबडतोब सुरू करायची आहेत.

महापालिकेच्या कुठल्याही रुग्णालयातून घरात बाहेरच्या औषधाची चिठ्ठी आली, तर तिचा आणि केमिस्टच्या बिलाचा फोटो काढा, तारीख टाका, आणि आपल्या इमारतीच्या प्रतिनिधीकडे द्या. रुग्णाचं नाव झाकून द्या. पाचशे चिठ्ठ्या झाल्या की त्यांचा गठ्ठा एफ दक्षिण वॉर्डच्या नगरसेवकांपुढे आणि महापालिकेच्या आरोग्य समितीपुढे ठेवू. त्यावर "तपासून पाहू" असं कुणी म्हटलं, तर तारीख विचारल्याशिवाय हलायचं नाही.

निवृत्त कारकून, बँकवाले, शिक्षक यांनी माहितीच्या अधिकाराचे अर्ज करायचे: प्राध्यापक, परिचारिका, तंत्रज्ञ, सफाई कामगार यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती, सीटी आणि एमआरआय यंत्रं वर्षात किती दिवस बंद होती, औषध पुरवठादारांचं किती देणं आहे. अर्जाचा नमुना तयार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि थोडा वेळ, एवढंच लागतं. एवढंही होत नसेल तर तक्रार करायचा अधिकार सोडून द्या.

प्रत्येक नगरसेवकाकडून लेखी घ्यायचं की केईएम किंवा त्याचा कुठलाही विभाग, रक्त तपासणीपासून एमआरआयपर्यंत, खासगी संस्थेला चालवायला देण्याच्या ठरावाला तो विरोध करील. तोंडी आश्वासन नको.

डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय यांच्यावर हात उचलणारा आपल्या विभागातला असेल, तर त्याला पाठीशी घालायचं नाही, मग तो कुठल्या पक्षाचा का असेना. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, तेव्हा इथलेही रेसिडेंट संपावर गेले. रात्रपाळीच्या त्या मुलींना आपल्या परळमध्ये सुरक्षित वाटत नसेल तर त्याची जबाबदारी आपलीही आहे. रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेला आम्ही बैठकीचं निमंत्रण दिलं आहे.

मंडळांनी यंदा डेकोरेशनच्या खर्चातून काही रक्कम फुटपाथवरच्या नातेवाइकांच्या रात्रीच्या जेवणासाठी आणि ताडपत्र्यांसाठी बाजूला काढावी. तीन मंडळांनी होकार दिला आहे. बाकीच्यांची वाट पाहतोय.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, मागच्या वेळच्याच सभागृहात बैठक आहे. बायकांनी जरूर यावं, कारण ओपीडीच्या रांगेत उभं राहतं कोण, हे सगळ्यांना माहीत आहे. ज्यांनी माना डोलावल्या त्यांनीही यावं. येताना घरातल्या जुन्या केस पेपरच्या आणि केमिस्टच्या बिलांच्या झेरॉक्स आणा. पहिल्या पन्नास चिठ्ठ्या त्याच दिवशी जमा झाल्या पाहिजेत.

आपले,
परळ-लालबाग विभागातले रहिवासी