नवे पोर्टल आणि आपली मुले



परीक्षेत पास झालेला मुलगा शिष्यवृत्तीच्या अर्जात अडकतो, हे ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत आपल्या वस्त्यांत अजूनही घडते. पालकांनी त्याचे कारण नीट समजून घ्यावे, म्हणून आज हा विषय.

अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासूनची. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. या हक्काची नोंद आधी कागदी फॉर्मवर व्हायची, मग ती 'महाईस्कॉल'वर गेली आणि २०१७-१८ पासून 'महाडीबीटी'वर आली. पहिल्याच वर्षी नव्या पोर्टलवर इतक्या अडचणी आल्या, की सरकारला ऑफलाइन अर्ज घेण्याची मुभा द्यावी लागली.

पोर्टल बदलले, पण आपली सवय बदलली नाही. 'फॉर्म कॉलेजात दिला, आता कारकून बघेल' असे आपण अजूनही म्हणतो. कारकून मुलाला चेहऱ्याने ओळखतो, एखादे अक्षर चुकले तर समजून घेतो. पोर्टलला मात्र आधार, दाखला आणि गुणपत्रिका यांवरची माहिती जुळलेली लागते. लग्न झालेल्या मुलीच्या आधारवर सासरचे आडनाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे, की अर्ज अडलाच म्हणून समजा.

तेव्हा चार गोष्टी कराव्यात. एक, मोबाइल नंबर घरचाच द्यावा, सायबर कॅफेवाल्याचा नको. ओटीपी त्यावरच येतो. यूजरनेम, पासवर्ड आणि अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवावा. दोन, बँकेत आधार जोडलेले आहे का, हे विचारून घ्यावे. खाती दोन असतील तर पैसे कोणत्या खात्यात येणार, तेही विचारावे. आता केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो; त्यातली कॉलेजची फी वेळेत भरावी. तीन, अर्ज भरून झाला तरी दर आठवड्याला पाहावा. त्रुटी निघाली की तो विद्यार्थ्याच्याच लॉगिनवर परत येतो आणि कोणी उघडला नाही तर तिथेच पडून राहतो. चार, शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' असल्याने घाबरू नये. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जातीच्या दाखल्यावर आहे तसेच भरावे.

वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या घरातले मूल एका अक्षरापायी कॉलेज सोडत असेल, तर ते नुकसान साऱ्या समाजाचे आहे. म्हणून प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास यासाठी ठेवावा. पदवीला असलेल्या मुलामुलींनी अकरावी-बारावीच्या मुलांचे अर्ज समोर बसून तपासावेत. याला ना वर्गणी लागते, ना मंडप. उद्या पुन्हा एखादे नवे पोर्टल आले, तरी मग आपली मुले मागे राहणार नाहीत.

जयभीम!