ताटाला गुण कसे द्यावेत?

‘आहार सांभाळता ना?’ असे डॉक्टरांनी विचारले की साठी ओलांडलेली व्यक्ती बहुधा ‘हो’ म्हणते. उत्तर खोटे नसते. पण त्यावरून काही मोजताही येत नाही. हृदयरोग्याची गोळी मिलिग्रॅममध्ये ठरते, आणि त्याचे जेवण मात्र या एका ‘हो’वर सोडले जाते.

स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ या गाजलेल्या संशोधनात सुमारे ७,४०० प्रौढ व ज्येष्ठांचा आहार १४ प्रश्नांच्या प्रश्नावलीने मोजला गेला. प्रत्येक प्रश्नास एक गुण. पद्धत सुटसुटीत आहे. मात्र ती जशीच्या तशी आपल्या घरी आणली तर गंमत होते. लाल मांस वर्ज्य असल्याचा गुण आपोआप पदरात पडतो. मासे आणि वाइन यांचे दोन गुण कायमचे जातात. आणि मिठाविषयी तेथे एकही प्रश्न नाही! उल्हासनगरच्या पापडाची कीर्ती दूरवर आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील ज्येष्ठांना पापड, लोणचे, खाखरा, शेव यांविषयी न विचारता दिलेले गुण काय कामाचे? शाकाहार हृदयास हितकर होऊ शकतो. तो आपोआप तसा होत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २,००० उष्मांकांच्या आहारासाठी दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप सांगितले आहे. मीठ ५ ग्रॅमपर्यंत. यावरून घरचा हिशेब सहज मांडता येतो. चार माणसांच्या घरात मिठाची एक किलोची पिशवी निदान ५० दिवस पुरावी. पाच लिटर तेलाचा डबा, तूप हिशेबात न धरताही, सुमारे ४२ दिवस पुरावा. डबा फोडल्याची तारीख डब्यावरच लिहावी. अर्थात पापड-लोणच्यातील मीठ त्या पिशवीत नसते, आणि सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

परंतु घराची सरासरी म्हणजे आजींचे ताट नव्हे. आपल्या भागात मुले-सुना लोकलने रात्री आठ-नऊला परततात. चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांचे जेवण सूर्यास्तापूर्वीच आटोपलेले असते. सकाळची भाजी झाकलेलीच राहिली आणि दूध-खाखऱ्यावर भागले, हे कोणास दिसत नाही. म्हणून विचारावे त्यांनाच, आणि उलटतपासणीचा सूर न लावता.

विचारायचे कोणत्या दिवसाबद्दल? ‘काल काय खाल्ले?’ हा आहारतज्ज्ञांचा नेहमीचा प्रश्न आपल्याकडे फसवा ठरतो. काल अष्टमी असेल तर हिरव्या भाजीचा रकाना रिकामाच. दोन्ही पक्षांतील पाच-पाच तिथी पाळणाऱ्यांचे महिन्यातील दहा दिवस असे जातात. तेव्हा तीन दिवस लिहावेत: एक तिथीचा, एक साधा, एक रविवारचा. तिथीच्या ताटात भाजीची जागा कोणी घेतली ते अवश्य पाहावे. मुगाचे वरण किंवा सुक्या चवळीची उसळ असेल तर उत्तम. गाठी-शेवेची भाजी असेल तर तेल-मिठाचा आकडा चढलाच.

खरे तर मोजण्याची शिस्त आपल्या ज्येष्ठांना नवी नाही. रसपरित्यागात कोणत्या दिवशी तेल, तूप, साखर वा मीठ सोडले ते त्यांना नेमके स्मरते. ‘मीठ कमी खातो’ यापेक्षा ‘चतुर्दशीला मीठ घेतले नाही’ हे वाक्य मापनाच्या दृष्टीने कितीतरी मोलाचे! मात्र रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर मीठ पूर्ण सोडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. उतारवयात सोडियम फार घटले तर भ्रम होतो, तोल जाऊन माणूस पडतो.

महिन्यातून एकदा वजनही त्याच वहीत लिहावे. ताटाचे गुण वाढत आहेत आणि वजन उतरत आहे असे दिसले, तर बहुधा तेलाबरोबर डाळ-दूधही आटले आहे. ती वही घेऊन डॉक्टरांना भेटावे.