लाइट गेली आणि गोष्ट राहिली



आज आधी एक कोडं. भारताचा नकाशा समोर घ्या आणि त्यात 'मालगुडी' नावाचं गाव शोधा. दहा मिनिटं देतो. भिंग घेतलंत तरी चालेल!

नाही ना सापडलं? सापडणारच नाही. कारण हे गाव आर. के. नारायण नावाच्या लेखकानं आपल्या डोक्यात वसवलं. त्या गावातल्या स्वामी नावाच्या मुलाचं पुस्तक १९३५ साली आलं. आणि पुढे 'मालगुडी डेज' ही मालिका दूरदर्शनवर आली, तेव्हा हे नकाशात नसलेलं गाव थेट आमच्या पाबळला येऊन पोचलं.

पाबळ माहीत आहे ना? पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात. इतिहासाच्या बाई सांगतील, मस्तानीची कबर आहे ते गाव. विज्ञानाचे सर सांगतील, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली जिथं विज्ञान आश्रम काढला ते गाव. तिथं मुलं हातानं काम करत करत विज्ञान शिकतात. आम्ही पोरं मात्र विज्ञानाचा पहिला धडा शिकलो तो शेजारच्या गुरुजींच्या पत्र्यावर. अँटेना फिरवण्याचा!

आमच्याकडे चित्र यायचं ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून. पाबळपासून सरळ रेषेत साठेक किलोमीटर. या लहरी बऱ्याचशा सरळ जातात, वाटेत डोंगर आला की अडतात. म्हणून अँटेनाचं तोंड बरोब्बर सिंहगडाकडे हवं. वारा सुटला, कावळा बसला की तोंड फिरलंच. मग एक जण पत्र्यावर, एक अंगणात आणि एक टीव्हीपुढे.

"आलं का?"

"नाही, मुंग्या!"

"आता?"

"आलं, आलं... गेलं! हात नको सोडूस!"

अशा खटपटीनंतर ती ओळखीची धून वाजायची. एल. वैद्यनाथन यांची. आणि आर. के. लक्ष्मण यांची चित्रं दिसायची. हो, तेच, 'कॉमन मॅन'वाले! ते नारायण यांचे धाकटे भाऊ. धून वाजली की ओटा भरून जायचा. माझी आजी दाराशी बसायची, पदर सावरून. तिला हिंदी फारसं कळायचं नाही. दर दोन मिनिटांनी मला ढोसायची, "काय म्हनला रं त्यो?" मी भाषांतर करायचो आणि माझा पुढचा संवाद हुकायचा.

एका रात्री स्वामीच्या वडिलांनी पेपरात बातमी वाचली. एका खेड्यातल्या पोरानं वाघाशी झुंज दिली होती. वडील म्हणाले, अंगात ताकद नसली तरी चालते, धैर्य हवं. स्वामीला काही पटेना. मग वडील म्हणाले, तसं असेल तर आज रात्री माझ्या कामाच्या खोलीत एकटा झोपून दाखव. आता आली का पंचाईत? स्वामी रोज आजीच्या कुशीत झोपणारा! त्यानं सबबी सांगितल्या, पण वडील ऐकेनात.

माझी आजी तर चिडलीच. "आरं, एवढंसं पोर! त्याला एकट्याला कशाला निजवतोय रं ह्यो बाप?"

स्वामी त्या खोलीत गेला. अंधार. बाकाखाली अंथरूण. आणि...

आणि लाइट गेली!

स्वामीच्या घरची नव्हे हो, आमच्या गावची! सगळा ओटा एकदम "आऽऽऽ" करून ओरडला. गुरुजींनी कंदील लावला. आम्ही वाट पाहिली. लाइट आली तेव्हा बातम्या चालल्या होत्या.

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? मोबाइलवर शोधायचं आणि पाहायचं. पण दोस्तांनो, तेव्हा चुकलेला भाग म्हणजे सुटलेली एसटी. आणि ही गोष्ट पुस्तकात छापलेली आहे, हे तरी आम्हाला कुठं ठाऊक होतं?

घरी जाताना मी रडवेला झालो होतो. आजी कंदील धरून पुढे चालली होती. ती म्हणाली, "त्यात काय न समजन्यासारखं? पोरगं भ्यालं, उठलं, गपचीप आज्जीपाशी येऊन निजलं. झाली गोष्ट."

"छे! ती काय गोष्ट झाली?" मी म्हणालो. "त्यानं भुताला पकडलं असणार!"

दुसऱ्या दिवशी शाळेत प्रत्येकाचा शेवट वेगळा. एकाच्या गोष्टीत साप आला, एकाच्या गोष्टीत वाघच आला. आठवडाभर भांडलो. आजीला मात्र तिचाच शेवट खरा वाटत होता. मी अधूनमधून चिडवायचो, "तुझा शेवट चूक आहे!" ती म्हणायची, "बघशील."

मी नववीत असताना आजी गेली.

पुढे कॉलेजसाठी मी पुण्यात आलो. एके दिवशी खानावळीत जेवत होतो. कोपऱ्यात टीव्ही चालू होता. अचानक ती धून! मालिका पुन्हा दाखवत होते. आणि भाग कुठला? पेपर, वाघ, वडील, कामाची खोली... खानावळीच्या मावशी चॅनल बदलायला उठल्या. मी ओरडलोच, "मावशी, नको! दहा वर्षं थांबलोय मी!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघू देत.

या वेळी लाइट गेली नाही. काय झालं सांगू? अंधारात काहीतरी हललं. स्वामीला वाटलं, संपलं आता. भीतीनं त्यानं समोर आलेल्या पायाला कडकडून चावा घेतला. तो पाय होता घरात शिरलेल्या चोराचा! चोर पकडला गेला. शाळेत, गावात, पोलिसांत स्वामीची वाहवा. पोरगं नायक झालं!

मनात म्हटलं, बघ आजी, मीच जिंकलो.

पण गोष्ट तिथं संपली नाही. दुसऱ्या रात्री वडील उशिरा घरी आले. बघतात तर काय, नायक महाशय आजीच्या शेजारी गाढ झोपलेले!

माझा हातातला घास हातातच राहिला. आजीचा शेवट चूक नव्हता. चोर तेवढा तिनं गाळला होता. आणि आता ते तिला सांगायला आजी नव्हती.

म्हणून सांगतो, पुन्हा लागलेल्या मालिकेला 'जुनंच तर आहे' म्हणून नाक मुरडू नका. पहिल्यांदा पाहताना मी फक्त स्वामीला पाहिलं होतं. दुसऱ्यांदा त्याचे वडीलही दिसले. ते काम गिरीश कर्नाडांनी केलं होतं. मुलगा भित्रा राहील ही त्यांची काळजी मला तेव्हा कळली. दिग्दर्शक होते शंकर नाग. चाफेकर बंधूंवरच्या '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा हात होता. आणि मालगुडी म्हणून आपण पाहिलं ते कर्नाटकातलं आगुंबे, धो धो पावसाचं गाव. चित्र तेच होतं, पाहणारा बदलला होता.

अशी नकाशात नसलेली गावं इतर देशांच्या टीव्हीवरही आहेत बरं का. अमेरिकेत १९६० ते १९६८ या काळात 'अँडी ग्रिफिथ शो'मधलं मेबेरी गाव लोकांना हसवत होतं. मालिका संपल्यावरही ती वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा दाखवली गेली. इंग्लंडमध्ये 'डॅड्स आर्मी'मधलं समुद्रकाठचं छोटं गाव होतं. पण तिथं एक गंमत झाली. गंमत कसली, घोटाळाच! त्या काळी टेप महाग असायची. म्हणून जुना कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवा घ्यायचे. त्यात १९६९ सालचे काही भाग गेले. कचऱ्यातून वाचलेल्या डब्यांत दोन भाग २००१ साली मिळाले. तीन भागांचं चित्रण अजूनही मिळालेलं नाही.

म्हणजे काय, की पुन्हा पाहायला मिळतं ते आपोआप नाही. कुणीतरी डबा जपून ठेवलेला असतो, म्हणून मिळतं. मार्च २०२० मध्ये सगळे घरात अडकले, तेव्हा दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा लावलं. ते कुणी जपलंच नसतं तर? आजी-आजोबा आणि नातवंडं एकत्र बसून काय पाहणार होती?

आता एक गोष्ट कबूल करतो. माझ्या आजीनं मला शेकडो गोष्टी सांगितल्या. त्यांची टेप कुणी केली नाही, मीही लिहून ठेवल्या नाहीत. नीट आठवते ती एकच, कंदिलाच्या उजेडात सांगितलेली, दोन वाक्यांची. बाकीच्या पुसल्या गेल्या. त्या पुन्हा लागणार नाहीत.

तेव्हा या आठवड्याचा गृहपाठ. (तोंड वाकडं करू नका, मार्क नाहीत!) आजीला, आजोबांना, नाहीतर शेजारच्या काकूंना विचारा: तुम्ही लहानपणी टीव्हीवर काय पाहायचा? कुणाच्या ओट्यावर? 'चिमणराव' आठवतात का? 'गोट्या' आठवतो का? दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ यांचं नाव काढा आणि त्यांचे चेहरे कसे खुलतात ते बघा. मग त्यांनाच एखादी गोष्ट सांगायला लावा. ती वहीत उतरवा, नाहीतर मोबाइलवर आवाज भरून ठेवा. आणि तारीख घालायला विसरू नका.

आणि मध्येच लाइट गेली, तर फारच छान. शेवट आजीला विचारा. तो चूक आहे, असं म्हणायची घाई मात्र करू नका हं!

भेटू पुढच्या आठवड्यात.