काटा लाल खुणेवर गेला तेव्हा...

बालदोस्तांनो,

मे महिन्याच्या सुट्टीत लग्नाला जाताना गाडी मध्येच बंद पडली, असं तुमच्यापैकी किती जणांच्या बाबतीत झालंय? माझ्या बाबतीत झालंय. त्या दिवशी एक मोठा अपघात अगदी थोडक्यात टळला. म्हणून आज ‘यंत्रांच्या जगात’ आपण जुन्या पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडणार आहोत.

मी तेव्हा सहावीत होतो. जालन्याहून अंबडमार्गे अंतरवाली सराटीला निघालो होतो. मामांची जुनी गाडी, आत सहा माणसं, टपावर आहेराच्या बॅगा. ऊन तर असं की रस्त्याचं डांबर पाघळत होतं. मी पुढे बसलो होतो. समोरच्या तबकडीवर पाण्याच्या तापमानाचा काटा हळूहळू लाल खुणेकडे सरकताना मला दिसत होता. पण मोठी माणसं बोलत होती. मध्ये कोण बोलणार? मी गप्प बसलो.

थोड्याच वेळात बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि गाडी थांबली. मामांनी बॉनेट उघडलं, हातात फडकं घेतलं आणि रेडिएटरचं झाकण फिरवणार, एवढ्यात मागून आवाज आला, “थांबा पाव्हणं! हात लावू नका, भाजून निघाल!”

बाजूच्या मोसंबीच्या बागेतले एक आजोबा धावत आले. “आधी सगळे लिंबाखाली बसा. अर्धा तास तिला निवू द्या.”

असं का बरं म्हणाले ते? घरातला कुकर आठवा. वाफ कोंडलेली असताना आई झाकण उघडते का? मुळीच नाही. रेडिएटरचं झाकणही तसंच असतं. ते आतला दाब वाढू देतं, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी चटकन उकळत नाही. पण झाकण उघडलं की दाब एकदम कमी होतो, आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर उसळतं! मामांचा चेहरा त्या दिवशी वाचला तो त्या आजोबांमुळे.

इंजिन निवल्यावर आजोबांनी पंख्याचा पट्टा, म्हणजे फॅनबेल्ट, बोटानं दाबून पाहिला. तो चांगलाच ढिला होता. हा पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि वीज करणारा डायनामो हे सगळं फिरवतो. पट्टा घसरला की पाणी फिरत नाही आणि इंजिन तापतं. आजोबांनी पाना मागितला, डायनामोचा बोल्ट सैल केला, डायनामो बाहेर ओढून पट्टा ताणला आणि बोल्ट पुन्हा आवळला. झालं काम! पाच पैशांचाही खर्च नाही.

आता अशा इंजिनाची नीट ओळख करून घेऊ. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे ‘प्रीमियर पद्मिनी’. उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानं १९४४ मध्ये सुरू झालेल्या कंपनीची ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. मूळ नमुना इटलीच्या फियाट ११०० चा. ‘पद्मिनी’ हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुमच्या आईबाबांनी तिला नक्की पाहिलेलं असेल.

तिच्या इंजिनात ४ सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि आतला पिस्टन वर-खाली सरकतो तो ७५ मिलिमीटर. चारही सिलिंडरची मिळून जागा १०८९ घन सेंटिमीटर. यालाच आपण ‘सीसी’ म्हणतो. ठिणगी पडण्याचा क्रम १, ३, ४, २ असा.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरमध्ये मिळून सेकंदाला किती ठिणग्या पडत असतील? तब्बल १००! कारण प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते.

असं इंजिन बंद पडलं, की जुने मिस्त्री तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : पेट्रोल पोचतंय का? कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आणि हवा एकत्र होतात. त्याच्या जेटचं भोक इतकं बारीक, की एक कणसुद्धा ते बंद करतो. “कचरा आलाय,” असं मिस्त्री म्हणतात ते हेच. कडक उन्हात पेट्रोलची नळी तापून आत वाफ धरते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. मग नळीवर ओलं फडकं ठेवून ती निववायची.

दुसरा प्रश्न : ठिणगी पडतेय का? सेकंदाला १०० वेळा उघडमीट करणारे ‘पॉइंट’ झिजतात, काळे पडतात. प्लगवर काजळी धरते. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात ओल शिरली, तर गाडी सकाळी सुरूच होत नाही.

तिसरा प्रश्न : इंजिन थंड राहतंय का? पट्टा, रबरी पाइप, रेडिएटर, सगळं पाहायचं. इथं दुर्लक्ष झालं की हेड गॅस्केट जळतं आणि खर्च वाढतो.

धूरही बोलतो बरं का! काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला, तर पाणी आत शिरत असल्याची शंका घ्यायची.

पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनंही रस्त्याचा निरोप घेतला. आजच्या पेट्रोल गाड्यांत कार्बोरेटर आणि पॉइंट नाहीत. पेट्रोल मोजून सोडण्याचं काम संगणक करतो, म्हणून धूरही कमी. पण इंजिन थंड ठेवायला पाणी, रेडिएटर आणि दाबाचं झाकण आजही आहेच. म्हणून आजोबांचा तो “थांबा!” आजच्या गाडीलाही लागू आहे.

आणि हो, लग्नाला आम्ही पोचलो, पण अक्षता पडून गेल्या होत्या! जेवताना मी मामांना हळूच सांगितलं, “काटा लाल खुणेवर जाताना मी पाहिला होता.” मामा रागावले नाहीत. म्हणाले, “अरे, मग ओरडायचं नाही का? गाडी चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं. पुढे बसणाऱ्यानं काट्यावर ठेवायचं.” तेव्हापासून मी गाडीत गप्प बसत नाही. तुम्हीही बसू नका.

आता या आठवड्याचा उद्योग. वर दिलेला व्यास आणि पिस्टनची हालचाल सेंटिमीटरमध्ये घ्या, वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र वापरा आणि चारानं गुणा. १०८९ च्या आसपास उत्तर येतंय का पाहा. मग घरातल्या स्कूटरवर किंवा तिच्या कागदपत्रांत किती सीसी लिहिलंय तेही शोधा. बॉनेट मात्र मोठ्यांशिवाय उघडायचं नाही. कबूल?

भेटू पुढच्या आठवड्यात!