आठवड्याला ५९ तास आणि वर एक योगवर्ग

न झेपणारे टार्गेट, स्वतःच्या कामावर नसलेला ताबा, साहेबाची अर्वाच्य भाषा, उद्या नोकरी राहील की नाही याची धास्ती आणि लांबत जाणारे तास यांना मिळून कामाच्या ठिकाणचे मनोसामाजिक धोके म्हणतात. यांपैकी मोजायला सर्वांत सोपे म्हणजे तास. महाराष्ट्र सरकारने हात घातला तो नेमका त्यांनाच, आणि तोही वाढवण्यासाठी.

सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाचा दिवस ९ तासांवरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. चर्चा सगळी त्या एका तासाची झाली. खरी गोम ओव्हरटाइमच्या आकड्यात आहे. तीन महिन्यांची मर्यादा १२५ तासांवरून १४४ वर गेली. तिमाहीचे १३ आठवडे धरले तर आठवड्याला ११ तास होतात. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातले आठवड्याचे ४८ तास त्यात मिळवले की बेरीज ५९. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये जगासमोर ठेवलेला निष्कर्ष असा, की आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त असतो. लांब कामाच्या तासांमुळे २०१६ या एका वर्षात जगभर ७ लाख ४५ हजार माणसे गेली, हा त्यांचाच अंदाज. म्हणजे ५५ ची रेषा ५९ ने ओलांडली. जुन्या मर्यादेनेही ती ओलांडलेलीच होती; तेव्हा मर्यादा खाली आणायची होती.

‘करोशी’ म्हणजे अतिश्रमाने येणारा मृत्यू ज्या जपानने जगाला माहीत करून दिला, त्या जपानमध्येही ओव्हरटाइमची सर्वसाधारण मर्यादा महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तास आहे. महाराष्ट्राचा हिशेब वर्षाला ५७६ वर जातो.

ओव्हरटाइमला कामगाराची संमती असतेच, असे समर्थन केले जाते. घराचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाची संमती किती खरी असते, हे कोणत्याही बँकेच्या शाखेत विचारावे. रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅप ग्रुपवर विमा पॉलिसी न विकलेल्या शाखांची यादी पडते, नावापुढे लाल रंगात शून्य. खाली साहेबाचा प्रश्न: ‘कारण?’ उत्तर घरी जेवणाच्या ताटावरून द्यायचे. हा वेळ ओव्हरटाइमच्या कोणत्या रजिस्टरात लिहिला जातो?

यावर कंपन्यांचा उपाय ठरलेला: जेवणाच्या सुट्टीत योगवर्ग, भिंतीवर ‘स्ट्रेस फ्री’ची पोस्टर्स, वर्षातून एकदा समुपदेशकाचे भाषण. प्राणायामाला कोणाचाच विरोध नाही. पण गळका नळ दुरुस्त न करता फरशी पुसत बसण्यातला हा प्रकार आहे. ब्रिटनची आरोग्य व सुरक्षा यंत्रणा कंपन्यांना सहा गोष्टी तपासायला सांगते: कामाचा भार, कामावरचा ताबा, मिळणारा आधार, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल हाताळण्याची रीत. सहाही व्यवस्थापनाच्या हातातल्या. कर्मचाऱ्याने श्वास कसा घ्यावा, हे त्यात कुठेच नाही.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या आपल्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता. कामाच्या ताणातून आलेला एकही आजार नव्हता. ज्याची नोंदच होत नाही, त्याची चौकशी कोण करणार?

आणखी एक पळवाट वर्षानुवर्षे उघडी आहे. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावर असलेल्यांना दुकाने व आस्थापना कायदा लागू होत नाही. हाताखाली एकही माणूस नसलेल्या पंचविशीतल्या मुलामुलींच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ का छापलेले असते, हे वेगळे सांगायला नको. त्यांच्यासाठी ९ तासही नव्हते आणि १० ही नाहीत.

कामगार विभागाने १४४ तासांची मर्यादा मागे घ्यावी, नावापुरत्या मॅनेजरांना कायद्याच्या कक्षेत आणावे आणि सुट्टीच्या वेळी आलेल्या कामाच्या संदेशांनाही कामाचे तास म्हणून मोजावे.

– एक वाचक, ठाणे